शेरा : दोघांनी जावे

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी सव्वासात.
आजपासून रोजनिशी. उद्या हा शोध कुणाचा असा वाद निघाला तर तारखेनिशी पुरावा हवा. मंडळातले लोक काय लायकीचे आहेत ते मला ठाऊक आहे.
शोध असा, की १८८८ साली लंडनमध्ये पाच बायकांचे खून करून कधीच न सापडलेला जॅक द रिपर कोण होता हे मला कळलेलं आहे. एकशे पंधरा वर्षं पोलिसांनी, डॉक्टरांनी, प्रोफेसरांनी डोकं फोडलं. जाडजूड पुस्तकं लिहिली. आणि स्टेपनीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या लेन पर्किसला ते परवा शनिवारी अंडं उकडताना कळलं. अंडं कडक झालं. त्याला इलाज नव्हता.
संकल्प: रोज चार पानं वाचायची. कस्टर्ड बंद. मंडळाचे अध्यक्ष मि. क्रॅडॉक यांच्याविषयी वाईट बोलायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
क्रॅडॉक गाढव आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर.
चर्चच्या हॉलमध्ये जेवण. मंगळवार-गुरुवार म्हाताऱ्यांसाठी असतं. खिमा आणि कुस्करलेला बटाटा. बटाट्यात गुठळ्या. वाढणारी पर्ल मला राजा म्हणते. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. कस्टर्ड घेतलं, कारण तिने विचारायच्या आत वाढलं होतं.
शेजारी नेहमीप्रमाणे डोरीन टॅपसेल. विधवा, वय एकाहत्तर, वागायला सरळ. दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवतो. माझी आलेली पत्रं ती मला वाचून दाखवते. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण हॉलमधला उजेड वाईट आहे.
तिने विचारलं, डबा उघडला का रे. मी सांगितलं, झाकण अजून गंजलेलंच आहे, तेल सोडून ठेवलंय. हे खोटं. डबा शनिवारीच उघडला. तिच्या आजीचा डबा. पणजोबा केलेब हॉस्किन गॅसवाला होता, तूही गॅसवाला, तुझ्याकडे हत्यारं असतील, म्हणून तिने मला दिला होता. आत टोपीवरचा पितळी बिल्ला, टोपी घातलेल्या माणसाचा फोटो आणि एक चिठ्ठी.
जास्त लिहीत नाही. वही चोरीला जाऊ शकते.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.
रिपरचा शोध घेणाऱ्या आमच्या मंडळाची बैठक. दर महिन्याचा पहिला शुक्रवार, संध्याकाळी सहा, पबची माडी. टेबलाभोवती बारा खुर्च्या. नियम जुना आहे: ज्याचा स्वतःचा खुनी आहे त्याला खुर्ची, ज्याचा नाही त्याला भिंतीजवळचं बाक. बाकावरच्याने लोकांचे कोट सांभाळायचे आणि सँडविच फिरवायचे. मी सहा वर्षं बाकावर आहे. यंदा एक खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर बसणारा वारला. मी आजवर दुसऱ्याच्या खुन्याला मान डोलावून चीज-कांद्याचे सँडविच वाटले. आता नाही.
यांचे खुनी ऐकावेत. क्रॅडॉक हा निवृत्त दंतवैद्य, अध्यक्ष, चिझलहर्स्टहून मोटारीने येतो. त्याच्या मते खुनी दंतवैद्य होता. हेडमास्तर होता त्याच्या मते खुनी हेडमास्तर. जहाजावर आचारी होता त्याच्या मते जहाजावरचा आचारी. आज त्याने कांदा कापून दाखवला, पुरावा म्हणून. प्रत्येक जण आपलाच धंदा खुन्याच्या गळ्यात बांधतो आणि त्यांना हे दिसत नाही. एवढी शिकलेली माणसं. कीव येते.
माझा खुनी गॅसवाला आहे. हा योगायोग नाही, हा निष्कर्ष आहे.
क्रॅडॉकला सांगितलं, नोव्हेंबरची संध्याकाळ माझ्या भाषणाला हवी. तो म्हणाला, पर्किस, तुमच्याकडे खुनी आहे? मी म्हटलं, आहे, कागदपत्रांसह. तो म्हणाला, छान, आता ती ताटली जरा इकडे द्या.

रविवार, ७ सप्टेंबर.
सिद्धांत लिहून ठेवतो. त्या भागातलं प्रत्येक तळघर, प्रत्येक मागचं अंगण, कुठल्या दाराची कडी सैल, हे कुणाला ठाऊक असतं? मीटर वाचणाऱ्याला. हातात कंदील, खांद्याला पिशवी, अंगावर गणवेश. दार वाजवलं की बाई उघडते. गॅस, म्हटलं की बाजूला सरकते. आणि मुख्य म्हणजे त्याचा चेहरा कुणी पाहत नाही. पोलिसांनी लोकांना विचारलं असेल, परका माणूस पाहिला का. लोक म्हणाले असतील, नाही, कुणी नाही, फक्त गॅसवाला.
मी एकतीस वर्षं मीटर वाचले. हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही.
चिठ्ठीवर तारीख आहे १२ नोव्हेंबर १८८८. शेवटचा खून ९ नोव्हेंबरला. तीन दिवसांत गॅस कंपनीने केलेब हॉस्किनला पत्र लिहिलं. कशासाठी लिहिलं असेल? नोकरीवरून काढलं. साहेबांना संशय आला, गाजावाजा नको म्हणून गुपचूप घालवून दिलं. त्यानंतर खून बंद.
तारखेचा शिक्का आणि वरचं कंपनीचं छापील नाव स्वच्छ वाचता येतं. खालचं हाताचं लिखाण अतिशय तिरकं. घाबरलेल्या माणसाने लिहिलंय हे उघड आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर.
डोरीनला सहज विचारलं, तुमच्या जुन्या घरी मीटर वाचायला कोण यायचं आठवतं का. ती म्हणाली, यायचा कुणीतरी. मी विचारलं, उंच होता की बुटका. म्हणाली, लेन, गॅसवाला होता तो, मी काय त्याच्याशी लग्न करणार होते?
तो मी होतो. अकरा वर्षं, वर्षातून चार वेळा. पिवळे पडदे. दारामागे मुलांच्या सायकली. एकदा मी येताना पावसाने ओला झालो होतो तर तिने मीटरखाली वर्तमानपत्र पसरलं, फरशीला पाणी लागू नये म्हणून. मला सगळं आठवतं.
सिद्धांताला जबरदस्त बळकटी. जेवण गेलं नाही.
नंतर तिला म्हटलं, मी त्या खुनांवर भाषण करणार आहे. ती लगेच विषय सोडून विचारू लागली, त्या बायकांना मुलं होती का, मग ती कुठे गेली. मी सांगितलं, त्याचा तपासाशी संबंध नाही. ती म्हणाली, तपासाशी नसेल, मुलांशी असेल.
बाईमाणसाला मुद्दा धरून राहता येत नाही. तरी स्वभाव चांगला आहे.
ठरवलं: खुर्ची मिळाली की डोरीनला विचारायचं. लग्नाचं. बाकावरच्या माणसाने विचारण्यात अर्थ नाही, खुर्चीवरच्याचं वेगळं.

सोमवार, २२ सप्टेंबर.
चिठ्ठीचं खालचं लिखाण वाचायचा प्रयत्न. मीटरच्या कपाटातली नोकरीतली बॅटरी घेतली, भिंग घेतलं. एक शब्द 'सोमवार' असावा. एक 'कोळसा' किंवा 'कोर्ट'. कोर्ट धरू.
हे डोरीन दोन मिनिटांत वाचेल. पण मग आश्चर्याचा धक्का काय राहिला? शिवाय मला वाचता येत नाही असा तिचा समज व्हायचा.

शनिवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळी.
टोळकी आली. रोज सातला येतात. रिपरच्या जागा बघत फिरणारे पर्यटक, पुढे टोपी घातलेला मार्गदर्शक, तो आमच्या भिंतीवरच्या पावसाच्या पाइपाखाली उभा राहून आवाज खोल करतो आणि म्हणतो की इथेच, याच ठिकाणी. तिथे १९६१ पर्यंत तो पाइपही नव्हता. मी खिडकीत उभा राहून नापसंती दाखवतो, हाताची घडी घालून. आज मार्गदर्शकाने माझ्या खिडकीकडे बोट केलं, काहीतरी म्हणाला. सगळ्या बाया किंचाळल्या, मग हसल्या, मग फोटो काढले.
म्हणजे बातमी बाहेर फुटली. कोण फोडतंय ते पाहायला हवं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर.
७ नोव्हेंबरची संध्याकाळ मिळाली. आचाऱ्याला हवी होती, पण तो मुलीकडे जाणार आहे. क्रॅडॉकने वहीत लिहिलं: पर्किस, नवा सिद्धांत. वर म्हणाला, पंचेचाळीस मिनिटं, आणि कृपा करून कांदे नकोत. सगळे हसले. आचारीसुद्धा हसला. स्वाभिमान नाही.
घरी येऊन गॅसचा नळ तीनदा तपासला. गुडघा दुखतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.
नकाशा भिंतीवर लावला. पाच लाल टाचण्या. दिवाणखान्यात ओल आहे म्हणून मीटरच्या कपाटाशेजारी लावला. खाली केलेबचा फोटो. प्रभाव पडतो.
जुनी आठवण आली ती भाषणात घालायची. आमच्या वहीत प्रत्येक पत्त्यापुढे शेऱ्याचा रकाना असायचा. पुढच्या माणसासाठी. कुत्रा चावतो. बहिरी आहे, जोरात वाजवा. पायरी मोडकी. आणि सगळ्यात गंभीर शेरा: दोघांनी जावे. हा शेरा सहजासहजी कुणी लिहीत नसे. मी एकतीस वर्षांत फक्त चार घरांपुढे लिहिला. चारही ठिकाणी एकटे म्हातारे. चहा घ्या, चहा घ्या म्हणत दार अडवून उभे राहायचे, भिंतीवर कसले कसले कागद लावलेले, बोलणं संपायचं नाही. असल्या माणसाचा नेम नसतो. मला पाहिल्याबरोबर कळायचं. त्याला तशी नजर असावी लागते.
१८८८ साली केलेबच्या वहीवर असा शेरा कुणी मारला असता तर पाच जीव वाचले असते. मात्र शेरे घरांवर मारतात, गॅसवाल्यावर नाही. ही व्यवस्थेतली त्रुटी. वाक्य चांगलं आहे, भाषणात घ्यायचं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.
डोरीनला आमंत्रण दिलं. मंडळात बाई पाहुणी म्हणून येऊ शकते, बाकावर. तिने विचारलं, कुणाबद्दल बोलणार. मी सांगितलं, ते गुपित, पण तुम्हाला अभिमान वाटेल असं आहे. ती म्हणाली, मला? मग लाजली असावी, कारण मटार ताटाबाहेर गेले. म्हणाली, मग मी लोण्याची बिस्किटं करून आणते, सगळ्यांना पुरतील एवढी.
पर्ल मागून म्हणाली, राजा, बाईला शुक्रवारी संध्याकाळी बाहेर नेतोस आणि तेही खून ऐकवायला, तुझी हिंमत बघ. मी लक्ष दिलं नाही.
डोरीन पणजोबांविषयी पुष्कळ बोलली. आजी त्यांना देव मानायची. टोपी मरेपर्यंत खुंटीला. रविवारी मुलांना खांद्यावर घेऊन नदीवर जायचे. हे सगळं लिहून घेतलं. खुनी वरवर असेच असतात.
ती पुढेही काही सांगत होती, गल्लीत पहिल्यांदा गॅस आला त्याची गोष्ट, पण मला वेळ नव्हता.

सोमवार, २७ ऑक्टोबर.
मनात थोडी शंका. डोरीनला वाईट वाटेल का?
विचार केला. आपल्या घरातल्या माणसाचं नाव जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात. टीव्हीवाले तिच्या दारात. आज तिच्या घरात कुणी येतं का? मुलगा ऑस्ट्रेलियात. वाईट वाटलं तर दोन मिनिटं वाटेल. शिवाय त्याच वेळी मी लग्नाचं विचारणार, म्हणजे ती हॉस्किनांची न राहता पर्किसांची होईल. दोन्ही गोष्टी एकमेकींना सावरून घेतात.
शंका मिटली. तरी झोपेची गोळी अर्धी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
भाषण मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. सव्वीस पानं. नकाशासमोर उभा राहून वाचलं. खालच्या मजल्यावरच्याने झाडूने छताला ठोकलं. शास्त्राची गोडी नाही.
सूट निघाला. कंबरेत येत नाही. पिन लावली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी सहा.
बिल्ला, फोटो, चिठ्ठी पिशवीत. नळ चारदा तपासला.
आज रात्री मी खुर्चीवर असेन. क्रॅडॉक सँडविच देईल. मी म्हणेन, नको, आभारी आहे. एवढंच.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
काल जे झालं ते त्रयस्थपणे नोंदवतो.
सुरुवात उत्तम. वीस मिनिटं कुणी खोकलं नाही. हेडमास्तर लिहून घेत होता. चेहरा कुणी पाहत नाही हा मुद्दा आला तेव्हा आचाऱ्याने मान डोलावली. तळघरं झाली, कड्या झाल्या. मी बिल्ला वर धरला. फोटो टेबलावरून फिरवला. व्यवस्थेतल्या त्रुटीचं वाक्य घेतलं, पसंत पडलं.
मग नाव सांगितलं. केलेब हॉस्किन. आणि डोरीनकडे पाहिलं.
ती बाकावर, केस सेट करून आलेली, मांडीवर बिस्किटांचा डबा. ती पर्सची कडी लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. मला वाटलं, भारावली. मग तिने शाळेत करतात तसा हात वर केला. क्रॅडॉक म्हणाला, पाहुण्यांना प्रश्न विचारायची पद्धत नाही. ती म्हणाली, पद्धत तुमच्याकडे ठेवा, ते माझे पणजोबा आहेत.
मग मला म्हणाली, लेन, तू कुठल्या मीटरविषयी बोलतोयस? त्या खोल्यांत गॅस होता कुठे? मेणबत्ती होती, आणि तीसुद्धा ज्याला परवडेल त्याला. पेनीचं नाणं टाकून चालणारे मीटर आमच्या गल्ल्यांत नंतर आले, चार-पाच वर्षांनी, आणि ते बसवायलाच माझे पणजोबा त्या टोपीत आले. आजी सांगायची, पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायांनी एकाच शेगडीवर रांग लावून चहा केला. कोळसा न पेटवता पाणी उकळतं हे बघून एक म्हातारी रडली. हे मी तुला मागच्या महिन्यात सांगत होते. तू घड्याळ बघत होतास.
मग क्रॅडॉक अगदी हळू म्हणाला, पर्किस, गॅस कधी आला हे तुम्हाला माहीत नव्हतं? म्हणजे, तुमचाच धंदा ना?
मी म्हटलं, मी आलो तेव्हा मीटर होते. हे खरं आहे. मी १९५७ साली लागलो, प्रत्येक घरात मीटर होता. मला कुणी सांगितलं नाही की त्याआधी नव्हते.
मी चिठ्ठी पुढे केली. मुख्य पुरावा. डोरीनने ती हातात घेतली आणि उभ्या उभ्या, चष्मा न लावता वाचली. केलेब हॉस्किन, सफोक. कापणीनंतरची कामं आटोपली असतील तर येत्या सोमवारी गॅसच्या कारखान्यात कोळसा टाकायच्या कामावर यावे. काम वसंतापर्यंत. राहण्याची सोय आपली आपण पाहावी. स्वतःचं फावडं आणू नये.
फावड्याला आचारी हसला. मग सगळेच.
म्हणजे बारा नोव्हेंबरला तो अजून लंडनपासून दूर सफोकात शेतावर होता, असं क्रॅडॉकने मोठ्यांदा सांगितलं. गरज नव्हती. सगळ्यांना कळलं होतं.
पुढे कहर. हेडमास्तर म्हणाला, मंडळाच्या इतिहासात कागद दाखवून एक संशयित कायमचा सोडवणारी ही पहिलीच व्यक्ती. क्रॅडॉकने रिकामी खुर्ची मागे ओढली आणि डोरीनला म्हणाला, बसा. माझी खुर्ची. डोरीन म्हणाली, नको, आभारी आहे, मला घरी जाऊन पाय वर करून बसायचंय.
मी म्हणणार होतो तेच शब्द. जवळजवळ.
जिन्यात ती थांबली. आवाज चढवला नाही. म्हणाली, दोन वर्षं तुझी वीजबिलं, दवाखान्याची पत्रं, तुझ्या बहिणीची पत्रं, सगळं मी वाचलं. ही एक चिठ्ठी तुला माझ्याकडून वाचून घ्यावीशी वाटली नाही?
मी म्हटलं, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.
ती म्हणाली, दिलास.
बिल्ला, फोटो, चिठ्ठी घेतली. क्रॅडॉकने तिला मोटारीने घरी सोडलं. दंतवैद्यांचं काही सांगता येत नाही.
बिस्किटं ती टेबलावर विसरली. मंडळाने खाल्ली. ताटली मी फिरवली. मला दोन मिळाली. चांगली होती.

रविवार, ९ नोव्हेंबर.
शांतपणे विचार केला. माडीवरचा उजेड वाईट होता. सव्वीसपैकी अकरा पानं वाचायची राहिली, त्यामुळे सिद्धांताचा पूर्ण विचार झालाच नाही.
आणि सफोकहून लंडनला तेव्हा रेल्वे होती. हा मुद्दा काल एकाही शहाण्याला सुचला नाही. सकाळी शेतावर, संध्याकाळी गाडीत. उलट यामुळे पोलिसांना तो का सापडला नाही याचा उलगडा होतो. गॅसचा भाग काढून टाकला तरी चालेल.
डोरीनकडून चिठ्ठी आठवडाभर परत मागायला हवी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
जेवायला मासा. डोरीन आमच्या टेबलावर होती. मी तिला रेल्वेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पूर्ण. मग ताट उचललं, वर काटा-सुरी, वर पाण्याचा पेला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर गेली. काही सांडलं नाही. तिचा हात स्थिर आहे.
पर्ल म्हणाली, राजा, तुला कळत नाही की कळून घ्यायचं नाही? मी म्हटलं, मी एका तपशिलाची दुरुस्ती सांगत होतो. ती म्हणाली, तुला कस्टर्ड देते, गप्प खा.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
लग्नाचं विचारणं पुढे ढकललं. परिस्थिती अनुकूल नाही. खिडकीजवळ वारा लागतो, तिला सर्दी होईल तेव्हा परत येईल.
बहिणीचं पत्र आलंय. हॉलमध्ये नेलं, तसंच परत आणलं. पहिली ओळ मी वाचली: प्रिय लेन.

शुक्रवार, ५ डिसेंबर. सकाळी.
संध्याकाळी मंडळ. आज तरी जायचं नाही असं ठरवलं आहे. त्यांना माझी किंमत कळू दे.

संध्याकाळी.
गेलो. कोट कुणीतरी सांभाळायला हवेत. रिकाम्या खुर्चीवर नवा माणूस, निवृत्त टपालवाला. त्याच्या मते खुनी टपालवाला होता. याला कुणी हसलं नाही.

सोमवार, ८ डिसेंबर.
मीटर वाचायला बाई आली. चाळिशीची. हल्ली बायकाही येतात. हातात यंत्र, वही नाही. तिने गॅस एवढंच म्हटलं आणि मी बाजूला सरकलो. मग मुद्दाम तिचा चेहरा नीट पाहिला. निरखून पाहिला. आपल्या धंद्यातल्या माणसाचा एवढा मान राखायला हवा.
ती कपाटापाशी वाकली होती. मी सांगितलं, मी एकतीस वर्षं हेच केलं. ती म्हणाली, हो का. मी म्हटलं, चहा घ्या. म्हणाली, नको. मी म्हटलं, घ्या हो, पाणी उकळलेलंच आहे. तेवढ्यात तिला नकाशा दिसला. विचारलं, या टाचण्या कसल्या. चला, कुणीतरी विचारलं. मी पहिल्या टाचणीपासून सुरुवात केली. कुणाच्या घरात कसं शिरायचं, कडी कशी काढायची, चेहरा कुणाच्याच का लक्षात राहत नाही. दारापाशी उभा राहून सांगितलं, म्हणजे उजेड तिच्यावर पडावा आणि तिला नकाशा नीट दिसावा.
तिसऱ्या टाचणीला ती म्हणाली, काका, दार सोडा जरा. मी सोडलं. ती जिन्यावरून धावत उतरली. पुष्कळ घरं बाकी असतील. मलाही घाई असायची. खाली उभी राहून यंत्रात काहीतरी टिपताना खिडकीतून दिसली. आकडा लिहायला एवढा वेळ लागत नाही.
चहा दोन कप झाला होता. दोन्ही मी घेतले.

गुरुवार, १८ डिसेंबर.
गॅस कंपनीचं पत्र आलं. छापील, पण अक्षर बारीक. हॉलमध्ये नेलं. खिडकीजवळच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. मग पर्लला दिलं. तिने हात पुसले आणि मोठ्यांदा वाचलं. तिला हळू वाचता येत नाही. आपल्या पत्त्यावरील नोंदीनुसार यापुढे मीटर-वाचनासाठी आमचे दोन कर्मचारी एकत्र येतील.
सगळा हॉल ऐकत होता. डोरीनने मान वर केली. नंतर जाताना माझ्या टेबलापाशी थांबली, पत्र उचललं, पुन्हा एकदा मनात वाचलं, घडी घालून माझ्या वरच्या खिशात ठेवलं. तेवढंच.
पर्ल म्हणाली, दोघं कशाला, राजा, तुझा मीटर काय जड आहे?
मी म्हटलं, ती एक पद्धत असते. पर्लला त्यातलं काय कळणार.
घरी आलो. नकाशा काढला. टाचण्या डबीत. भिंतीवर पाच भोकं राहिली.
पुढचं वाचन मार्चमध्ये. दोघं येणार. बिस्किटं जास्त आणून ठेवायला हवीत.